मायराची उतरती बाजू

२० नोव्हेंबर २००६, सोमवार
धुळ्याहून आमचं बिऱ्हाड काल इंदिरानगरात आलं. स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत म्हणून मनीषा भलतीच खूश आहे. मी केलेला चहा म्हणजे रंगीत पाणी, असं तिचं लग्नापासूनचं मत आहे. नाशकातही तिने ते सकाळीच ऐकवलं, म्हणजे घर लागलं म्हणायचं.

आज नोकरीचा पहिला दिवस. मालक खंडेराव सातपूरला मशीनचे सुटे भाग बनवतात, पण माणूस ताऱ्यांनी झपाटलेला. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी रूपविकारी ताऱ्यांचं दालन थाटलंय. हे तारे कमी-जास्त तेजाने तळपतात, पण इतक्या सावकाश की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून व्हर्च्युअल रिॲलिटी. संगणकाला जोडलेलं जडशीळ हेल्मेट घातलं की माणूस थेट मायरा ताऱ्यापुढे उभा. मायरा मंदावून पुन्हा उजळायला अकरा महिने घेतो. ते सगळं मी धुळ्यात असतानाच काही मिनिटांच्या दृश्यात बसवून दिलंय आणि त्याचा मला बराच गर्व आहे.

२६ नोव्हेंबर, रविवार
आज दालन उघडलं. तोबा गर्दी. कळवणच्या भाजीवाल्या बायका जीप करून आल्या, वर एक अख्खी शाळा. हेल्मेट एकच. खंडेरावांनी देवीच्या गडावरच्या दर्शनासारखी रांग लावली. तारा मंदावला की हेल्मेट काढायचं, "चला पुढं." उजळणारा भाग दाखवायचाच नाही. अशाने लोक तारा विझला समजून घरी जातील, असं मी म्हणालो. तेवढं लोकांना कळतं, असं खंडेराव म्हणाले. मालकापुढे किती बोलणार.

पहिला नंबर कळवणच्या नवसाबाईंचा. "लय भारी हाय, पण परत पेटंल ना?" असं त्या विचारत होत्या, तोवर खंडेरावांनी हेल्मेट काढलं. मनीषा डबा घेऊन आली होती, तिला सगळ्यांत शेवटी बसवलं. तिचंही अर्ध्यातच काढलं.

३० नोव्हेंबर
मनीषा रविवारपासून गप्प आहे. आज चहा मी केला. तिने मुकाट्याने पिऊन टाकला. मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तिचा हात तव्याला टेकला होता आणि ती तो काढत नव्हती. मी ओढला. फोड आलाय. दुखत नाही, म्हणते. डॉक्टर म्हणाले, नवीन गाव आहे, थकवा असेल.

५ डिसेंबर
नवसाबाईंचा मुलगा गोटीराम कळवणहून सातपूरला आला. आईला काय दाखवलं, असं विचारत होता. नातू रडून लाल झाला तरी ती नुसती बघत बसते, उचलत नाही. शाळेतूनही फोन आलाय, पोरं खेळत नाहीत, हसत नाहीत. खंडेराव म्हणतात, योगायोग. त्यांनी स्वतः हेल्मेट कधी घातलेलं नाही.

६ डिसेंबर
जेवणाच्या सुट्टीत हेल्मेट मी घातलं. तारा अगदी मंद झाला तिथे थांबवला आणि मागे वळून पाहिलं.

अंधारात माणसं उभी होती. मी माणसं काढलेली नाहीत. एकही नाही. पुढे नवसाबाई, डोक्यावर पदर. मागे गणवेशातली पोरं. रांगेच्या शेवटी मनीषा. सगळे ताऱ्याकडे बघत होते, तो उजळण्याची वाट बघत. मी तो उजळू दिला, मगच हेल्मेट काढलं.

८ डिसेंबर
मनीषाला दालनात घेऊन गेलो. तिला हेल्मेट घातलं, उजळणारा भाग लावला. तिने खुर्ची घट्ट धरली. गाल लाल झाले. मला रडू आलं.

हेल्मेट काढलं. ती डोक्यावरचा पदर चाचपू लागली. अंगात पंजाबी ड्रेस होता. तुम्ही कोण, असं तिने मला विचारलं. "लय थंडी व्हती तिथं," म्हणाली. गोटीराम कुठाय, नातू जेवला का—

रांगेत जिचा पहिला नंबर होता, तीच बाहेर आली.

९ डिसेंबर
नवसाबाई आमच्या स्वयंपाकघरात बसून रडतात. कळवणला सोडा म्हणतात. मनीषाच्या तोंडाने. कसं सोडू?

उद्या मी आत जाणार. मनीषाचा हात धरून उभा राहीन, तारा उजळेल तेव्हा दोघं बाहेर— दुसरं काही सुचत नाही. मला माझी बायको परत हवी आहे.

१० डिसेंबर
आत गेलो. सापडली. हात गरम होता. इतका उशीर का केलास म्हणून रागावली. मी हसलो. तारा उजळायला थोडाच अवकाश—

आज रविवार, हे मी विसरलो. खाली रांग. खंडेराव वर आले, हेल्मेट उचललं. चला पुढं.

तिच्या हातातला माझा हात तिथेच—

११
खंडेरावांना सांगायला हवं. सांगितलं नाही. न सांगण्याने काय होईल, तेही ठाऊक आहे.

भूक नाही.

१२
स्वयंपाकघरात कुणीतरी रडतंय. नवसाबाई. उठून जवळ जावं, असं वाटायला—

बसलो.

१३
मनीषाचा फोटो पुढ्यात ठेवलाय. धुळ्याचा, लग्नातला. ही माझी बायको. हे मला पाठ आहे. तीनदा लिहिलं. ही माझी बायको, आणि ती तिथे अंधारात माझा हात धरून उभी आहे, आणि मला इथे त्याचं काहीच