माजिवड्याची पाचवी

ती. हौसाताईस,

हरिहरचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला भेटीत). तुझे गुडघे, ब्लाऊजची गिऱ्हाइकं आणि परसातला शेवगा ठीक असतील अशी आशा करतो. आशाच करायची, कळायला दुसरा मार्ग नाही. दिवाळीपर्यंत माझ्या मेसेजला तू निदान अंगठा तरी पाठवायचीस, आता तोही बंद. तुला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर रडारड करायची सोय मला कधीच नव्हती. व्हिडिओ लावावा तर एक हात मोबाईल धरण्यात जातो, आणि उरलेल्या एका हाताने आपल्या खुणांत फक्त भांडता येतं. म्हणून हे पत्र. पोस्टाने पाठवतोय, सावकाश वाच. विशेष कारण काही नाही. इकडे डोंबिवलीत आम्ही मजेत आहोत.

मजेत म्हणजे कसं, ते पहिल्यापासून सांगतो. विनीत आणि प्राचीला मूल होईना, म्हणून तपासण्या केल्या, तर दोघांच्याही रक्तात तो एकच दोष निघाला. आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला, तर मूल बहिरं जन्मतं. आपल्या विनीतकडे तो असणार हे उघडच होतं, पण सुनेकडेही? (तिचं आजोळ आपल्या गावाच्या शेजारचंच. पत्रिका जुळवताना गुरुजींनी छत्तीसपैकी एकतीस गुण दिलेले, हा बत्तिसावा त्यांच्या नजरेतून सुटला.) ठाण्यात माजिवड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भ बाहेर तयार करू, तपासू, आणि दोष नसलेला तेवढा पोटात ठेवू. मुलगा की मुलगी ते मात्र सांगणार नाही, तो गुन्हा आहे, तसा बोर्डच दारात लावलाय.

आता माझी फजिती ऐक. बाई बोलता बोलता म्हणाल्या की पाचव्या दिवशी गर्भाच्या चार पेशी काढतात, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यातून कळतं. पाचव्या दिवशी! म्हणजे ही पाचवीच की गं. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते तोच दिवस. मग तिच्यासाठी कोरा कागद, पेन आणि वरवंटा नको? मी त्या दिवशी लिंबू, हळदकुंकू आणि आपला तो जुना वरवंटा पंच्यात गुंडाळून ठाण्याला गेलेलो. वॉचमनने पंचा उघडला आणि हातभर मागे सरला. त्याला वाटलं, बिलावरून भडकलेला म्हातारा आलाय. आतल्या मुलीने माझा कोरा कागद बघून तक्रारपेटी दाखवली. शेवटी मी वेटिंग हॉलमधल्या कुंडीमागे वरवंटा टेकवून कुंकू लावलं, आणि माझं बघून शेजारच्या दोन बायकांनीही नमस्कार केला. विनीत लाजेने लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिला.

तो वरवंटा तुझ्या पाचवीला पुजलेला होता, ताई. तुझ्या कपाळी काय लिहिलंय ते आईला वर्षभराने कळलं, चुलीपाशी परात पडली आणि तू दचकली नाहीस तेव्हा. आता सटवाईचं अक्षर आधीच वाचता येतं. मला वाटायचं, वाचता येतं तर खोडताही येत असेल. तसं नाही. खोडत नाहीत, तो कागदच बाजूला ठेवतात.

तीन गर्भ धरले होते. दोन निर्दोष निघाले, तिसरा तुझ्यासारखा. दिवाळीला तू आलीस तेव्हा आपल्या विनीतने उत्साहाने तुला सगळं खुणांनी समजावलं, दोन चांगले, एक बाद. तू चकली खाता खाता थांबलीस आणि छातीवर बोट ठेवून विचारलंस, म्हणजे मी नको? आमच्यापैकी एकाचाही हात हलला नाही. तू पिशवी भरलीस आणि खडवलीला तुझ्या घरी निघून गेलीस.

त्यानंतर ते दोन्ही चांगले ठेवून झाले. पहिला रुजलाच नाही, दुसरा रुजला आणि गेला. तू शिवलेलं टोपडं प्राचीने कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. इस्त्री करताना ते बाहेर काढते, त्यालाही इस्त्री करते आणि परत ठेवते. मी पेपर वाचत बसल्याचं सोंग करतो. बाई म्हणतात, तिसरा सहसा ठेवत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. प्राची म्हणते, आता एकही सुई नको, आहे तो माझाच आहे. विनीत म्हणतो, जाणूनबुजून? उद्या त्याने विचारलं तर काय सांगायचं? मागून हॉर्न वाजला तर त्याला कळणार कसं? त्याचंही चुकत नाही. तुझ्या वाटेला काय काय आलं ते मी पाहिलंय. शाळेत जाताना पोरं दगड मारायची, ते मागून यायचे.

पण दिवे गेले की तू माझ्या तळहातावर बोटाने लिहायचीस तेही मला आठवतं. तसं माझ्याशी पुढे कोणी बोललं नाही. मला नातवंड हवंय आणि मला तू हवीस. यातलं एक निवड असं कोणी म्हणालं तर मी पुन्हा वरवंटा घेऊन येईन.

बाकी सर्व क्षेम. तू आमची काळजी करू नकोस, मुद्दाम येण्याची तर मुळीच गरज नाही.

तुझा धाकटा,
हरिहर

ता.क. शेवग्याच्या शेंगा जून होऊ देऊ नकोस.

ता.क. आणखी एक. काल जेवताना प्राची विनीतला म्हणाली, आपण डॉक्टरला विचारलं, गुरुजींना विचारलं, बाबांनी सटवाईलासुद्धा विचारलं. आत्याबाईंना कोणी विचारलंय का, जन्माला आल्याचं त्यांना वाईट वाटतं का म्हणून? विनीतने भाताचा घास खाली ठेवला. सोमवारी बाईंना हो की नाही ते सांगायचंय.

ता.क. पोस्टाचं खोटं सांगितलं. आम्ही तिघं दुपारपासून तुझ्या ओट्यावर बसलोय. कडी वाजवून उपयोग नाही, आणि बेल दाबली की पेटणारा जो दिवा मी तुला बसवून दिलेला, तो तू बंद करून ठेवलेला दिसतोय. शिलाई मशीन चालू आहे, आम्हाला ऐकू येतंय. हे पत्र दाराखालून सरकवतो. त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर विनीतला स्वतःच्या हातांनी द्यायचंय, मघापासून सराव करतोय. वाचून झालं की कडी काढ.