सहाणेवरची आंबेहळद

प्रिय मेघना,

तुझ्या आईची रक्षा नरसिंहपूरच्या संगमावर सोडून आलो, त्याला आज महिना झाला. तू फोनवर ‘जेवलात का तात्या’ एवढंच विचारतेस. मी ‘व्हय’ म्हणतो. खोटं बोलतो.

डाळिंबावर मोहरीएवढा तेल्या रोगाचा डाग पडला तरी तात्यांना बांधावरून दिसतो, असं तू चेष्टेनं सगळ्यांना सांगायचीस. हल्ली बागेत गेलो की तेच आठवतं, आणि मी माघारी फिरतो.

नऊ वर्षांपूर्वी आईच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा ती रेडिएशनला तयार नव्हती. तू कॉलेज बुडवून पुण्यात तिच्याजवळ राहिलीस, रुसलीस, रडलीस, पण पंचवीसच्या पंचवीस वेळा तिला नेलंस. आणि आता डॉक्टर म्हणाले, त्या किरणांमुळेच हजारात एखादीला बऱ्याच वर्षांनी त्याच जागी हा दुसरा कॅन्सर होतो. ते ऐकताना तुझा चेहरा मी पाहिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दिवाळीनंतर डाळिंबाचा माल तोडला, तेव्हा तुझी आई, माझी कौसल्या, भरलेली क्रेटं छातीशी धरून उचलत होती. चार दिवसांनी तिनं मला छातीवरचा, ऑपरेशन झालेल्या त्याच बाजूचा जांभळा डाग दाखवला. ‘मेघीला सांगू का?’ म्हणाली. मी म्हणालो, ‘कशाला पोरीच्या जिवाला घोर? क्रेट लागलं आसंल. मुका मार हाय.’ रोज सकाळी मीच सहाणेवर आंबेहळद उगाळून लेप द्यायचो. मोठ्या प्रेमानं द्यायचो गं. पिवळ्याखाली जांभळं पसरत गेलं, मला दिसलंच नाही. संक्रांतीला तू तिला न्हाऊ घातलंस, हळद धुतली गेली आणि तू किंचाळलीस. ‘चारच दिस झालं,’ असं तिनं तुला सांगितलं. मला वाचवायला खोटं बोलली.

काल जावईबापूंचा, रवींद्ररावांचा फोन आला. ‘मीच आईला मारलं’ असं तू सारखी म्हणतेस म्हणे. म्हणून हे लिहितोय. बाळा, तुझ्या हट्टानं तिला नऊ वर्षं मिळाली. तुझ्या लग्नात ती मिरवली, तुझ्या श्रेयाला तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. हातातले दोन महिने घालवले ते मी. बोल लावायचाच तर मला लाव, पण घरी ये. सहाण अजून पिवळी आहे. माझ्यानं धुववत नाही.

तुझाच,
तात्या