अंबाजीचा हिरवा बावटा

१० जानेवारी १९३२
संकल्प: बिगरीच्या पोरांना रंगशास्त्र शिकवायचं. मुंबईत ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेला या किनाऱ्यावर मी एकटाच. नापास झालो ती गोष्ट निराळी. केळीची पानं तांबडी का रंगवली, असं परीक्षकाने विचारलं. त्याचे डोळे गेलेले होते.

महिनाअखेर डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार. खूश झाले की अलिबागला बदली! सौ. माहेरी तिथेच आहे. इथल्या मासळीच्या वासात पाऊल टाकणार नाही म्हणते. अलिबागच्या मासळीला जसा काही मोगऱ्याचा वास येतो. दीड वर्ष एकटा भात करपवून खातोय. आता बास.

१२ जानेवारी
रंगाच्या पुड्या आल्या. तांबडी, पिवळी, निळी. हे तीन राजे, बाकी सगळी रयत. निळ्यात पिवळा ओतला, झकास हिरवा! तो एका मडक्यात, तांबडा दुसऱ्यात. हिरवं मडकं उचलून वर्गाला दाखवलं. राही नावाची कोळ्याची भवानी म्हणते, गुरुजी, यो तांबरा हाय. सारखं समुद्राकडे बघून नजर बिघडली असावी. छडी दाखवली. मग सगळ्यांनी एका सुरात हिरवा म्हटलं. शास्त्र असं रुजवावं लागतं.

१८ जानेवारी
अंबाजी नाखवा आला. होडीचा बावटा विटलाय म्हणे. इथे घरोघरचा बावटा ठरलेला. तो लांबून ओळखून त्या त्या घरच्या बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरतात. अंबाजीचा हिरवा, धर्माजीचा तांबडा. दोघांत विस्तव जात नाही. म्हटलं, आणा इकडे, शास्त्रोक्त हिरवा करून देतो. वर्गासमोरच मडक्यात बुडवला, वाळवला, घडी करून दिला. पोरं तोंडावर हात धरून हसत होती. आनंदाने.

२० जानेवारी, संध्याकाळ
गावात अडाणीपणा फार! अंबाजीच्या पोराने, कान्हाने, पहाटे अंधारातच बावटा चढवला. होडी परतताना धर्माजीच्या घरच्या बायका ती आपलीच समजून कमरेएवढ्या पाण्यात घुसल्या आणि अर्धी मासळी उतरवून मोकळ्या झाल्या. अंबाजीची बायको मनुबाई वाळूत खुशाल पान खात बसलेली. कान्हा बोंबलत होता, पण वारा उलटा. मग झिंज्या धरल्या गेल्या. शेवटी दोन्ही घरांचं एकाच मुद्द्यावर एकमत झालं: मास्तर.

संकल्प: काही दिवस किनाऱ्याकडे फिरकायचं नाही. अभ्यास वाढवायचा.

३० जानेवारी
डिप्टीसाहेब आले. निळा आणि पिवळा मिळून काय, असं त्यांनी विचारलं. वर्ग गरजला: हिरवा! मनातल्या मनात मी अलिबागला पोचून सौ.च्या हातचा मऊ भात जेवलोसुद्धा. साहेब राहीला म्हणाले, बाळ, हिरवं मडकं दाखव पाहू. कार्टी त्यांनाच विचारते, गुरुजींचा हिरवा दावू का आमचा?

साहेबांनी दोन्ही मागितले. तिने दोन मडकी पुढे ठेवली. साहेबांनी मला दोन्हींतला फरक विचारला. मी नीट निरखून सांगितलं, एकाचा काठ फुटलाय.

बदली नाही. आणखी दोन वर्षं इथेच राहा म्हणाले, पोरं शिकवतील तुम्हांला.

१ फेब्रुवारी
काल दिवसभर रडू येत होतं. सौ.ला कोणत्या तोंडाने कळवू?

रंग बंद. आजपासून भूगोल. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला, छडी घेतली. पोरांना सांगायला लागलो की अलिबाग तालुका म्हणजे हा, या... या रंगाचा.

राहीला पुढे बोलावलं.