शुद्ध चांदीची कडी

१२ जानेवारी १९३४, जळगाव
आजपासून रोज लिहायचं. शिस्त.
निर्णय घेतला. आता मूल नको. धाकटीच्या वेळी बायकोचं, सुंदरचं, रक्त थांबेना. पहाटे डॉक्टर प्रमिलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, या खेपेला वाचली, पुन्हा दिवस गेले तर हाती लागणार नाही. तीन मुली आहेत, पुरे. अख्ख्या सराफ बाजारात इतका मॉडर्न नवरा दुसरा दाखवा. सुंदर म्हणते, हे ती दिवाळीपासून सांगतेय. असेल. निर्णय नवऱ्यानेच घ्यायचा असतो.

१५ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. चांदीच्या बारीक तारेची वेटोळी कडी असते, ती गर्भपिशवीत बसवतात. विलायतेहून मागवावी लागते म्हणे. मला हसूच आलं. रुपचंद सोनाराच्या बायकोला विलायती चांदी? मीच करून देतो म्हणालो. बाई म्हणाल्या, माप चुकता कामा नये, टोक कुठे टोचता कामा नये. मला शिकवतात!
वर्षाने ती काढून दुसरी बसवावी लागते. म्हणून एकदम दोन केल्या. एक आता, एक तिजोरीत. याला दूरदृष्टी म्हणतात.
संकल्प: कुणाजवळ ब्र काढायचा नाही.

१६ जानेवारी
ज्ञानचंदला सांगितलं. समोरच त्याचं कापडाचं दुकान, शेजारधर्म आहे. शपथ घातली.

१७ जानेवारी
भाजीवाली कुंदाबाई विचारते, कडी किती भाराची हो, भाऊ? ज्ञानचंदच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. हल्ली माणसांना गुपित पाळताच येत नाही.

२० जानेवारी
कडी बसली. बाईंनी सुंदरला आधीच सगळं सांगितलं होतं. बसवताना ओटीपोटात जोराची कळ येईल. मग काही दिवस थोडं रक्त, पहिल्या एक-दोन पाळ्या जास्त जातील. ताप आला किंवा पोट फारच दुखलं तर घरगुती उपचार करत न बसता थेट यायचं. मी धीर द्यायला बाहेर बाकावर. आतून चिमटा वाजला. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कंपाउंडर माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि सुंदर पोट धरून टांगा ठरवत होती. त्या बाकाचा एक पाय लंगडा आहे. तक्रार करणार.

२१ जानेवारी
ओटीपोटात कळा. मला. सुंदर गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसली होती, ती मागून घेतली. तिला सवय आहे.

मार्च, तारीख पाहिली नाही
सुंदरला तपासून आणलं. कडी जागच्या जागी आहे. माप कुणाचं!
रोज लिहिणं जमत नाही. दुकान कोण पाहणार? सुंदर हल्ली पोळ्या लाटताना गुणगुणते. धाकटी बाळसं धरतेय.

४ डिसेंबर
ज्ञानचंदला नातू झाला. पेढे घेऊन आला आणि माझ्याकडे असं पाहिलं की पेढा तसाच ताटलीत ठेवला.

१० डिसेंबर
माय शिंदखेड्याहून आली. कडीची बातमी तिच्याआधी तिकडे पोचलेली. उंबऱ्यातच म्हणे, तुनं डोकं ठिकानावर शे का? घरले आंडोर नको का? आंडोर म्हणजे मुलगा हवा, नाहीतर दुकान जावई खाणार. शांत राहिलो. मॉडर्न माणूस आईच्या दबावाला बळी पडत नाही.

१८ डिसेंबर
पडलो नाहीच. सोनगीरच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहिली. पुत्रयोग आहे, तोही ठळक. निर्णय: कडी काढायची. डॉक्टर लोक घाबरवतात, तो त्यांचा धंदा. सुंदरला सांगितलं. बराच वेळ चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, त्या पहाटे बाई काय बोलल्या ते आठवतं का? म्हटलं आठवतं, पण तू जोशीबुवांचं ऐकलेलं नाहीस. सकाळी आपण होऊन म्हणाली, बरं. समजूत घालायलाही हातोटी लागते.

१८ जानेवारी १९३५
सुंदर एकटीच गेली. बाईंचा निरोप होता, यजमानांना आणू नये. जाताना दुकानात येऊन तिजोरीची किल्ली मागितली, पाटल्या घालायच्या म्हणे. दवाखान्यात पाटल्या! बायकांची हौस. दुपारी आली तर हात तसेच रिकामे. घालायलाच विसरली, बघा.
काढताना फार दुखलं नाही म्हणे, आकड्याने चटकन निघते. तरी कळा आहेत, थोडं रक्त जातंय, दोन दिवस पडून राहते म्हणाली. कडी कागदात बांधून आणली होती. काट्यावर टाकली. गुंजभरसुद्धा कमी नाही! वर्षभर आत राहून! सुंदरला दाखवलं तर तिला हसू आवरेना. चांदी पाहून बायका हसतातच.

२० जानेवारी
ती कडी आटवली, वर थोडी चांदी घातली, मुलाचे वाळे घडवले. शोकेसमध्ये मधोमध ठेवले. ज्ञानचंदला दिसतील असे.

मे
काही नाही. उन्हाळा फार आहे.

ऑगस्ट
काही नाही. ज्ञानचंद रोज विचारतो. वाळे घरी नेले, शोकेसमध्ये धूळ बसते.
माय म्हणते दुसरी बायको कर. सुंदर म्हणाली, खुशाल करा. पण तिलाही नाही झालं तर बाजार काय बोलेल? निर्णय: एकपत्नीव्रत. तत्त्वाचा प्रश्न आहे.

सप्टेंबर
मायने निकाल दिला, खोट तुनामांच शे, म्हणजे दोष माझ्यातच. धुळ्याच्या वैद्याचा काढा सुरू. इतका कडू की दुपारपर्यंत जीभ कामातून जाते. सुंदर वर गूळ देते. माझी कीव येत असावी.

२ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. रावेरकडच्या बायांसाठी सहा कड्या हव्यात, माझ्याच हातच्या. ज्ञानचंदला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, एक तर तयारच आहे. तिजोरीतली डबी उघडली. रिकामी. बाईंकडे पाहिलं. बाई एकदम काटा न्याहाळायला लागल्या.
तसाच घरी गेलो. सुंदर धाकटीच्या पायात वाळे घालत होती. मुलाचे वाळे. विचारलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, जुनी काढली आणि तिथेच नवी बसवून घेतली. त्या पहाटे तुम्ही दाराबाहेर होतात, आत मी होते. मुलगा तुमच्या जोशीबुवांना हवाय, या पोरींना आई हवी आहे. जा, सांगा मायला.
ओरडणार होतो. शब्दही तयार होते. तेवढ्यात धाकटी वाळे वाजवत माझ्याकडे चालत आली. त्या पहाटे दाराबाहेर बसून केलेले नवस आठवले. सगळे सुंदर वाचावी म्हणून होते. आंडोरासाठी एकही नव्हता. फार भ्यालो होतो मी तेव्हा. हे कुठे लिहिलं नव्हतं.
मायला सांगायची सोय नाही. सांगितलं तर बाजारभर होईल की रुपचंद उगाचच काढा पीत होता. माय पेला घेऊन आली. प्यालो. गुण येतोय का, विचारलं. येतोय म्हणालो.
संकल्प: उद्यापासून सहा कड्या करायला घ्यायच्या. सुंदर म्हणाली सात करा, जानेवारी जवळ आलाय.
सात करणार. निर्णय माझाच.