मरोळमध्ये मी घडवलेला एकोपा

मरोळ, अंधेरी
डिसेंबर १९६८

ती. रत्नप्रभाताईस,
कुंडलिकचा सविनय जयभीम. तुझा खोकला आणि भावोजींचा गुडघा या दोघांनी आता तुम्हाला मोकळं केलं असेल, असं धरून चालतो. (नसेल, तर गुडघ्याला आंबेहळद लाव. खोकल्यातलं मला कळत नाही. मी इतिहासाचा डॉक्टर होणार आहे.)

होणार आहे म्हणजे, आमच्या सरांनी होऊ दिलं तर. या उपनगरात कोण कुठून आलं आणि एकमेकांशी कसं जुळवून घेतलं, हा प्रबंधाचा विषय ऐकून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि विचारलं, "यात लढाई कुठे आहे?" लढाई नाही म्हटल्यावर त्यांना तो इतिहासच वाटेना. तरी मी दारोदार फिरलो. गंमत अशी, की 'तुम्ही मूळचे कुठले?' हे मी विचारायचं, तर दार उघडणाराच मला आधी विचारतो. जिल्हा सांगून त्याचं समाधान होत नाही. त्याला हवं असतं ते नकाशात नसतं.

आमचे घरमालक अंबादासराव इथल्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. सध्या परप्रांतीयांविरुद्ध हवा तापलेली, म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनी 'मरोळचे खरे रहिवासी' यावर मी बोलावं, अशी त्यांनी आज्ञा केली. आपण खरे, शेजारच्या चाळीतले मद्रासी उपरे, एवढं पुराव्यानिशी सांगायचं, नारळ घ्यायचा, बसायचं. पुराव्यासाठी मी गावठाणातल्या सगळ्यांत जुन्या घरच्या एमिलियाबाईंकडे गेलो. त्यांनी बावडीचं गार पाणी दिलं आणि सांगितलं, की अंबादासरावांचे वडील सिन्नरहून डोक्यावर ट्रंक घेऊन आले, ते बाईंच्याच पडवीत उतरले होते.

हे मी सभेत सांगितलं. (पुरावा मिळाल्यावर गप्प बसणं मला कधी जमलंय?) मला घालायचा हार अंबादासरावांच्या मांडीवरच राहिला. एमिलियाबाई पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग मला निःपक्षपातीपणाचा झटका आला. म्हणालो, बाईंचेही पूर्वज वसईकडून आले असावेत. त्या ताडकन उठल्या. "माज्या बावडीचं पाणी पिऊन मलाच उपरी बोलतोस?" मागे मद्रासी टायपिस्ट उभे होते, ज्यांच्याविरुद्ध ही सभा, तेही ओरडले, "हा माणूस बाहेरचा आहे!" टाळ्या पडल्या. मरोळमध्ये असा एकोपा आजवर कुणालाच घडवता आला नव्हता.

सगळ्यांच्या वतीनं अंबादासरावांनी विचारलं, "आधी तुम्ही कुठले, ते सांगा."

मेहकर तालुक्यातला, म्हटलं.

"तसं नाही हो. मूळचे?"

ताई, तेव्हा मात्र मी माईक जवळ ओढला. म्हटलं, "गावकुसाबाहेरचा. मी गाव सोडायच्या आधीपासूनच बाहेरचा आहे."

मग अंबादासरावांनी घसा साफ करून चहा तयार असल्याचं जाहीर केलं. चहा सगळ्यांना मिळाला. माझ्यासाठी निराळा कप शोधेपर्यंत संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोली सोडायला सांगितलं. त्यांचा भाचा नोकरीसाठी सिन्नरहून येतोय म्हणे. (याची मी प्रबंधात नोंद केली आहे.) तू काळजी करू नकोस. मी मजेत आहे.

तुझा धाकटा भाऊ,
कुंडलिक

ता. क. मजेत आहे, पण सामान बांधलेलं आहे. तुमच्या अंबरनाथच्या क्वार्टरमधली मागची खोली रिकामीच असते ना? पुस्तकं भिंतीला लावीन, उरलेल्या जागेत मी मावेन.

आणखी ता. क. तुमच्या कॉलनीच्या मंडळानं 'आपण सारे कुठून आलो?' या विषयावर माझं भाषण ठेवलंय. मी होकार कळवला. भावोजींना हे मी राहायला आल्यावरच सांगू.