माय रेडिओवर बोलली

डोंगरकडा, ता. कळमनुरी
फेब्रुवारी १९७४

प्रिय कमल,

सप्रेम जयभीम. तुझ्या पोटाचे टाके अजून दुखतात, असं अमृतराव जावईबापूंच्या कार्डात वाचलं. ओल्या बाळंतिणीला असलं पत्र लिहू नये, हे मला कळतं. पण माय गेल्याची तुला नुसती तार मिळाली. मधलं काहीच तुला ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय आज माझ्यावर काय वेळ आली आहे ते तुला समजणार नाही.

दिवाळीनंतर मायचा आवाज गेला. गळ्यातली गाठ वाढली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार उशीर झाला. तोंडातून नुसती कुजबुज यायची, तीही कान ओठांशी नेला तर. आपल्या बाबांचं तर तुला माहीतच आहे. वसमतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या घरघरीत सारी उमर गेली आणि तिथंच कान गेले. रेडिओ तेवढा मोठा करून, त्याला कान चिकटवून ऐकतात. अक्षरओळख नाही, त्यामुळं पाटीवर लिहून दाखवायचीही सोय नाही. मायनं पाणी मागितलं की बाबा गोधडी आणायचे. ती हातानं नको म्हणायची, हे दुसरी गोधडी आणायचे. मग स्वतःवरच चिडून अंगणात जाऊन बसायचे. माय भिंतीकडं तोंड करायची. मी शाळेतून शिकवून आले की ही दोन माणसं अशी दिसायची.

शाळेच्या कपाटात विज्ञान मंडळाचं एक पुस्तक होतं. घरच्या घरी छोटं प्रक्षेपण यंत्र कसं करायचं, ते त्यात दिलं होतं. मनात आलं, मायची कुजबुज बाबांच्या रेडिओतून मोठी करून काढता आली तर? पुस्तकात एफ.एम. यंत्राच्या जोडणीचा नकाशा होता, पण आपल्या रेडिओत तो पट्टाच नाही. वसमतला गोपीचंद रेडिओवाल्याकडं गेले. त्यानं मीडियम वेव्हचा साधा नकाशा काढून दिला आणि बजावलं, "बाई, लायसन नसता आवाज सोडनं गुन्हा आहे. दोन खोल्यांच्या भायेर जाऊ देऊ नका."

मी आजवर इस्त्रीची वायरसुद्धा जोडली नव्हती. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, ती सैल पडली, पुन्हा गुंडाळली. डाख देताना पहिला ट्रान्झिस्टर जळाला, बोटंही भाजली. माय खाटेवरून बघायची आणि नुसत्या ओठांनी म्हणायची, "सोड की गं." जुन्या टेलिफोनचा बोलायचा भाग जोडला, सेल लावले, तरी रेडिओत नुसती खरखर. शेवटी एका रविवारी दुपारी काटा फिरवता फिरवता खरखर थांबली. मी तो भाग मायच्या तोंडापाशी धरला. ती म्हणाली, "ऐकू येऊन राहिलं का?"

बाबा दचकून रेडिओकडं बघायला लागले. मग मायकडं. मग मोठ्यानं, अगदी गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "व्हय! व्हय! बोल!" कमल, मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मायनं थोडा दम घेतला आणि म्हणाली, "मला आता दवाखान्यात नेऊ नका. लई तकलीफ होते. म्या कव्हाची सांगून राहिले, तुमाला समजतच न्हाई."

बाबांनी दुसऱ्या दिवशीच्या नांदेडच्या गाडीची तयारी करून ठेवली होती. पिशवीसुद्धा भरली होती. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बराबर," एवढंच म्हणाले. मग उठून पिशवीतलं मायचं लुगडं काढून दोरीवर टाकलं. मी एवढं खपून यंत्र केलं, आणि त्यानं पहिल्याच दिवशी बाबांची आशा काढून घेतली.

नंतर मात्र रोज बोलायची. जेवा म्हणायची, पोरीवर वरडू नका म्हणायची, कमलच्या लेकराचं नाव काय ठेवायचं ते विचारायची. आणि एका सकाळी गेली.

बाबांना वेड लागलेलं नाही. अग्नी त्यांनीच दिला, त्रिशरणाला हात जोडून बसले. पण दुसऱ्या दिवसापासून रेडिओपुढून उठेनात. मी समजवायला गेले तर म्हणाले, "जळालं ते अंग. आवाज तं तिच्यातून आधीच गेलता, तो ह्याच्यात होता. मंग आता काहून बोलत न्हाई?" अन्न सोडलं त्यांनी. डोळे खोल गेले. तेव्हा मी ते यंत्र आतल्या खोलीत नेलं आणि कुजबुजले, "जेवून घ्या." कुजबुज कुणाची, हे कुठं ओळखू येतं! त्यांनी मुकाट ताट ओढलं आणि सगळी भाकर खाल्ली.

मग रोज संध्याकाळी मी आतून माय व्हायचं आणि बाहेर येऊन पद्मा. मला वाटलं, महिनाभरात सावरतील.

काल संध्याकाळी ते रेडिओला म्हणाले, "आता मला बी इथं करमत न्हाई. म्या येऊ का?"

मला नको म्हणायचं होतं गं. पण कुजबुजायच्या आधीच हुंदका आला, आणि तो ऐकू जाईल म्हणून मी सेल काढून टाकले. आज सकाळी पुन्हा सेल जोडून "नका येऊ, नका येऊ" म्हणत राहिले. बाहेर येऊन पाहिलं तर रेडिओ बंद, त्याच्यावर मायचं लुगडं झाकलेलं. मला शांतपणे म्हणाले, "तिनं नको म्हनलं न्हाई." सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. सगळं खरं सांगावं म्हणून मी त्यांच्या कानाशी ओरडले, तर त्यांनी तोंड फिरवलं. आता माझा आवाज त्यांच्यापर्यंत कशानंच पोचत नाही. तारेत एवढं मावत नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टर प्रवासाला नको म्हणत असतील, तरी ये. अकोल्याला गाडी बदल, वसमतला उतर, मी स्टेशनवर माणूस ठेवते. बाळाला घेऊन ये आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर दे. ते हात पुढं करतील की नाही, मला माहीत नाही. तू येईपर्यंत ते असतील की नाही, हेही मला माहीत नाही.

तुझीच,
अक्का