पंप वर ठेवलाय

नाना, माशांची टाकी पुन्हा बसवली. आग्रा रोडवरच्या आपल्याच हॉटेलात, त्याच भिंतीला, तशीच सहा फुटी. तुमचा फोटो मुद्दाम तिच्यासमोर टांगलाय. तिथून हवेचे पंप नीट दिसतात. दोन आहेत, आणि दोन्ही फळीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर. फिल्टर निवडायला मला महिना लागला. दुकानदार बाहेर टांगायचा नवा फिल्टर गळ्यात मारत होता. मी जुनाच घेतला: वाळूखाली जाळी, आणि बुडबुड्यांच्या जोरावर पाणी त्या वाळूतून ओढलं जातं. तुम्ही घेतला होतात तोच प्रकार. ती निवड चुकली नव्हती, हे लिहायला मला आवडत नाही.

पण त्या फिल्टरचा जीव पंपात असतो. पंप थांबला की हवाही गेली आणि गाळणंही. सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी अठराची, काउंटरवर बसते. तुम्ही पंप टाकीखालच्या कपाटात ठेवताय, कारण गिऱ्हाइकाला मासे दिसावेत, मशीन नाही. मी म्हणते, "नाना, खाली नको. लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरेल." तुम्ही म्हणता, "मॅट्रिक झालीस म्हणून मला पाणी शिकवतेस?" मग मी ट्रकची ट्यूब सुचवते. शेजारच्या पंक्चरवाल्या काकांकडून हवा भरून, तोंडाला चिमटा लावून ठेवायची आणि लाईट गेली की नळीला जोडून चिमटा सैल करायचा. दोन-तीन तास निघतात. काका म्हणाले, "पोरगी बरोबर सांगतेय, शेठ." तुम्ही जेवणाऱ्या ड्रायव्हरांकडे वळलात. "ऐका! आता मासेपण पंक्चर काढायला येणार!" सगळं हॉटेल हसलं. मीही हसले, बाकी काय करणार?

मे महिन्यात तुम्ही कांदा आणायला पिंपळगावला गेला होतात, तेव्हा भर दुपारी लाईट गेली. तासाभरानं आली आणि पाणी भरलेला पंप फट्‌दिशी जळला. संध्याकाळी तुम्ही परतलात तोवर सगळे गोल्डफिश पोट वर करून तरंगत होते. आचारी, वाढपी, ड्रायव्हर, सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "पोरीच्या हातात दिलं की असंच होतं." दुसऱ्या दिवशी काउंटरवर दादा बसला आणि मी आत तांदूळ निवडायला. तुम्ही जाईपर्यंत मी आतच होते.

पुढे दादा कांद्याच्या व्यापारात गेला आणि काउंटर माझ्याकडे आला. परवा लाईट गेली. टाकीखाली ट्यूब आहे, उघडीच, पडदा लावलेला नाही. मी चिमटा सैल केला. बुडबुडे सुरू झाले. फोटोकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "बघा!" वाढप्याला वाटलं, त्यालाच म्हणतेय, तोही वाकून बघायला लागला.

हे पत्र तुमच्या फोटोमागे खोचणार होते. आता खोचत नाही. त्या दुपारी नळीतून पाणी उतरताना मला काउंटरवरून दिसत होतं, नाना. नळी दोन बोटांत दाबून धरली असती तरी पुरे होतं. मी उठले नाही. तुम्हाला चुकलेलं मला बघायचं होतं.